पाच गंज्यांचं अंकोर

समुद्रापलीकडं कंबोडियात ख्मेर राजांनी बांधलेलं अंकोरचं देऊळ डोळ्यांनी पाहिलेला माणूस सबंध बेळगाव जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा, म्हणजे आत्तीचा नवरा होता; आमच्याकडं आत्तीच्या नवऱ्याला मामा म्हणतात. त्यांनी ते देऊळ पाहिलं एकच दिवस, पण दाखवलं पुढं पंधरा-सोळा वर्षं. त्यांच्या गावात, बेळगुंदीत, मारुतीच्या देवळाला पायऱ्या किती हे ठाऊक नसलेला माणूस एखादे वेळी सापडला असता. अंकोरच्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की देवाधर्माचा माणूससुद्धा तिथं माकडासारखा चढतो, हे ठाऊक नसलेला सापडला नसता. मी तेव्हा बेळगावात कचेरीत कारकून होतो आणि रविवारी सायकलीनं आत्तीकडं जेवायला जात असे. जेवण फुकट होतं, देऊळ मात्र टळत नसे.

मामा तरुणपणी बेळगावच्या कँपात एका साहेबाकडं स्वयंपाकी होते. या साहेबाला पडक्या इमारतींचं वेड. रजा मिळाली की तो कुठलं तरी मोडकं देऊळ गाठून त्याची चित्रं नि फोटो काढत बसे. एकदा त्यानं लांबची रजा काढली आणि दुसऱ्या कुणाच्या हातचं पचत नाही म्हणून मामांना आगबोटीत घातलं. त्या प्रवासातलं मामांना जवळजवळ काहीच आठवत नसे. सिंगापूर कसं होतं विचारलं तर म्हणत, "भात बरा हुता." पण अंकोरचा तो एक दिवस त्यांना घटकेघटकेनं पाठ होता. देऊळ दाखवायला तिथलाच एक हडकुळा माणूस होता. तो बोले फ्रेंच, साहेब इंग्रजी, आणि मामा फराळाची टोपली डोक्यावर घेऊन मागं. पहिल्याच भिंतीवर त्या माणसानं छडी टेकवली आणि मामांनी पाहिलं तर बाणांच्या गादीवर भीष्म झोपलेले! "टोपली खाली ठेवली आणि दंडवतच घातला बघ," मामा सांगत. "त्यो माणूस हसायला लागला. मग म्होरल्या भिंतीला त्यानंच मला बोलवलं. ह्यो कोण? म्हटलं, यमराज. आणि हे? म्हटलं, देवदानव समुद्र घुसळत्यात. दुपारनंतर त्यो गप, आणि मीच सांगतुय." संध्याकाळी निघताना त्या माणसानं आपली बांबूची छडी मामांच्या हातात दिली. ती छडी पुढं आत्तीच्या घरात देवाच्या फळीखाली उभी असे.

परत आल्यावर मामांनी नोकरी सोडून शेती धरली आणि पहिल्याच सुगीत घोटाळा सुरू झाला. भाताची मळणी झाली की पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या गंज्या घालतात, एक किंवा दोन, जशी जागा असेल तशा. मामांनी पाच घातल्या. खळ्याच्या चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक, बाकीच्यांच्या डोक्यावरून जाणारी. पाणी मुरू नये म्हणून टोकाला उपडं मडकं ठेवतात, त्याचं त्यांनी शिखर केलं. समोरून पाट वळवून खंदक केला आणि त्यावर नारळाचं खोड टाकलं. मामांचा धाकटा भाऊ म्हणाला, "आप्पा, पिंजर एका पावसात कुजंल अशानं." मामा शांतपणे म्हणाले, "त्येंचं दगडाचं हाय, त्येबी जरा कुजलंयच." दरवर्षी मार्गशीर्षातल्या एका रविवारी, जनावरांसाठी गंज्या उपसायला लागायच्या आधी, मामा पाहुण्यारावळ्यांना अंकोर दाखवत. सूर्य उगवताना सुरुवात आणि मावळताना शेवट. मधूनच उठून जायची सोय नव्हती.

तो दिवस जसा तिथं गेला तसाच इथं जायला हवा, यावर त्यांचा कटाक्ष होता. चपला पाटाच्या अलीकडं काढायच्या. साहेबानं जिथं जिथं फोटो काढले तिथं तिथं मामा "फोटू!" म्हणून ओरडत आणि सगळ्यांनी डोळ्यांची पापणीही न लववता उभं राहायचं. बारा वाजता साहेबानं उकडलेलं अंडं खाल्लं होतं, म्हणून प्रत्येकाच्या हातावर एक उकडलेलं अंडं पडे. अंडं न खाणाऱ्याला केळं मिळे, पण ते देताना मामांचा चेहरा उतरत असे. मग अर्धा तास झोप, कारण साहेब झोपला होता. तीन वाजता तिथं पाऊस आला होता. म्हणून निरभ्र आभाळाखाली मामा छत्री उघडत, "आला, आला!" म्हणत आणि दहाबारा शहाणीसुरती माणसं धावत गोठ्यात जाऊन म्हशींपाशी उभी राहत. मीही राहिलो आहे. एकदा मी एका इंग्रजी साप्ताहिकात त्या देवळाचं चित्र पाहिलं आणि मोठ्या हौसेनं कापून त्यांना नेऊन दिलं. मामांनी ते बराच वेळ न्याहाळलं आणि परत केलं. "तीनच शिखरं दिसत्यात. फोटू काढणारा चुकीच्या जागी हुबा ऱ्हायलाय." समोरून पाहिलं की मागची दोन शिखरं झाकली जातात, हे त्यांनी मला लगेच खळ्यावर नेऊन उभं करून सिद्ध करून दाखवलं.

सगळ्या गावानं अंकोर पाहिलं, पण आत्तीनं पाहिलं नाही. कारण साधं होतं. त्या देवळाचं तोंड पश्चिमेला. आत शिरलं की उजवीकडं वळायचं आणि भिंत डाव्या हाताला ठेवत फिरायचं, तरच भिंतीवरच्या गोष्टी ओळीनं लागतात. म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या बरोब्बर उलटं. आपल्याकडं असं उलटं फिरतात ते मसणवट्यात, चितेभोवती. "नवरा जित्ता हाय माझा," आत्ती म्हणे, "मी न्हाय मड्याची फेरी घालणार. लोकांस्नी फिरवा की." ती भाकरीची दुरडी घेऊन बांधापर्यंत येई आणि तिथंच बसे, संध्याकाळपर्यंत. सरळ फिरते म्हणाली, तर मामांना ते चालेना. "सरळ फिरलीस तर लंका आधी पडंल आणि भीष्म शेवटाला लागतील. उलट्या टोकानं गोष्ट कोण सांगतंय?" दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळं तोड निघत नव्हती. एकदा बांधावर माझ्याशेजारी बसून मामा हळूच म्हणाले, "उभ्या जन्मात माझ्याकडं दाखवण्यासारखा एकच दिस हाय बघ. आणि त्यो तुझी आत्ती सोडून समद्यांनी बघितला." एरवी मी त्यांची थट्टा करत असे. त्या दिवशी केली नाही.

मग एका वर्षी मीच शहाणपणा केला आणि गावच्या भटजींना मध्ये घातलं. भटजी खळ्यावर आले, पाची गंज्यांकडं पाहिलं आणि क्षणात निकाल दिला. "अहो, पिंजराच्या गंज्या ह्या. इथं देव कुठला आणि प्रदक्षिणा कुठली? सरळ फिरा, उलटं फिरा, दोष नाही." आत्तीचा चेहरा उजळला. तिनं दुरडी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चपला काढून पाटाच्या कडेला उभी राहिली. मामा मात्र छडी काखेत मारून उभेच. "चला की," आत्ती म्हणाली. "आता दोष न्हाय म्हणत्यात." मामा म्हणाले, "नको." आम्हाला कळेना. "गंज्याच असल्या तर काय बघणार हाईस तू? गंज्या तुझ्या माहेरीबी हायत." आत्तीनं पुन्हा चपला घातल्या. भटजींना दक्षिणा आणि केळं मिळालं. परत जाताना मी आयुष्यात पुन्हा कुणाच्या नवराबायकोत पडायचं नाही असं ठरवलं.

मामा गेले ते नवरात्राच्या आधी, भात पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना, दोन दिवसांच्या तापानं. त्या वर्षी धाकट्या भावानं सुटकेचा निःश्वास टाकून एकच मोठी गंजी घालायला घेतली. आत्ती घरातून बाहेर आली आणि म्हणाली, "पाच. मधली उंच." पाचच झाल्या. मार्गशीर्षातल्या रविवारी तिनं मला निरोप धाडून पहाटेच बोलावून घेतलं. मी पोचलो तर ती पाटाच्या अलीकडं अनवाणी उभी होती. कपाळ मोकळं, हातात मामांची छडी.

"चल रं," ती म्हणाली. "आता मला अडवायला कोण हाय?"

आम्ही दोघंच होतो. खोडावरून पाट ओलांडला आणि ती न थांबता उजवीकडं वळली. पहिल्या गंजीवर छडी टेकवून म्हणाली, "हे भीष्म. नमस्कार कर." बांधावर बसून तिनं सगळी वर्षं ऐकलं होतं, एक शब्द सुटला नव्हता. यमराज आले, समुद्र घुसळून झाला, ठरल्या जागी फोटोसाठी आम्ही थांबलो. बाराला तिनं पदराआडून दोन उकडलेली अंडी काढली. तीन वाजता छत्री उघडली आणि आम्ही दोघं गोठ्यात जाऊन उभे राहिलो. पाऊस थांबायला त्या दिवशी जरा जास्तच वेळ लागला. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

दिवस कलताना लंका पडली आणि फेरी पुरी झाली. आम्ही जिथून निघालो होतो तिथं परत आलो. पाची शिखरांवर तांबूस ऊन होतं. आत्ती बराच वेळ वर बघत उभी राहिली.

"लई मोठं हाय रं," ती म्हणाली. "मला येडीला वाटायचं, गंज्याच हायत."

मग तिनं छडी पदरानं पुसली आणि आम्ही घरी आलो.