धक्क्यावरून, धक्क्यानं

आमच्या जिन्यावरच्या व्हिडिओ एडिटरला सगळे 'सावकाश' म्हणत. गिऱ्हाईक घाई करू लागलं की तो म्हणायचा, "सावकाश, साहेब. घाई केली की चेहरे हातातून निसटतात." स्लो मोशनमध्ये त्याचा हातखंडा होता. नवरी मान वळवते तेवढा क्षण तो असा लांबवायचा की तिच्या सासूलाही ती आवडू लागे.

मी समोरच्या खोलीत राहतो. लिहिणं हे माझं काम नाही, आणि हे मी लिहावं का, तेही मला ठरवता आलेलं नाही. पण त्याच्याबद्दल लोक बोलतात ते अर्धवट आहे.

त्याला एक धाकटी बहीण. तिचा नवरा एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. गोदामाच्या वर्धापनदिनाची फिल्म करायची होती. ते काम मेहुण्यानंच सावकाशला मिळवून दिलं. सगळ्या कामगारांनी मालधक्क्यावर, म्हणजे ट्रकमध्ये माल चढवायच्या उंच ओट्यावर उभं राहून टोप्या उडवायच्या, असं ठरलं. सावकाशनं स्वतःच कॅमेरा चालू ठेवला होता. मुकादम रांग नीट करत मागे मागे सरकत होता. "अरे, आत या, सगळे आत या!" म्हणता म्हणता त्याचा पाय काठावरून सुटला. समोर मेहुणा होता. त्यानं हात टाकला. मुकादम उताणा खाली गेला. डोक्याला मार लागला आणि दवाखान्यात तो वारला.

त्या दोघांचं सकाळीच कामाच्या पाळीवरून वाजलं होतं. त्यामुळे आधी लोक म्हणत होते, मुकादम धक्क्यावरून पडला. संध्याकाळपर्यंत तो धक्क्यानं पडला, असं झालं.

बहीण धावत आली. "दादा, तुझ्या कॅमेऱ्यात आहे ना सगळं? यांनी धरायलाच हात टाकला होता रे."

"रडू नकोस. असं दाखवतो की आंधळ्यालाही दिसेल."

त्यानं मला बोलावून घेतलं. एकट्यानं बघवत नव्हतं बहुतेक. मुकादम मागे सरकतो तोवर त्यानं चित्र पळतं ठेवलं. मेहुण्याचा हात उठला तशी गती उतरवत नेली. पडद्यावर वेगाची एक रेघ होती, ती माउसनं ओढून ओढून त्यानं गुळगुळीत केली. हात हवेत जवळजवळ थांबला. नवरीची मान वळवताना तो हेच करायचा. हळू म्हणजे स्पष्ट, यावर त्याचा पुरा विश्वास होता.

त्यानं ती क्लिप बहिणीला पाठवली, तिनं सगळ्यांना.

दाढी करायला गेलो तर न्हाव्याच्या दुकानात तीच चालू होती.

"बघा, बघा! आधी तोंडाकडे बघतोय. मग ठरवतोय. मग तळवा छातीवर."

"दात कसे खातोय बघ!"

न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, "एवढा वेळ होता तर धरलं का नाही?"

मी घरी येऊन सावकाशला ते सांगितलं. त्यानं माउस बाजूला सारला. "काका, तो वेळ त्याच्याकडे नव्हता हो. मी दिला त्याला."

पोलिसांच्या चौकशीला तो खऱ्या वेगाची क्लिप घेऊन गेला. बहिणीनं गळ घातली म्हणून मीही सोबत होतो. साहेबांनी ती पाहिली. हात गेला आणि माणूस दिसेनासा झाला, बस.

"हे मूळ आहे?"

"नाही साहेब. मूळ हळूच आहे. स्लो मोशनसाठी कॅमेरा जास्त चित्रं घेतो. खरा वेग दाखवायचा तर ती पळवावी लागतात."

"म्हणजे तुम्ही पळवलंत."

"खऱ्या वेगाला आणलं, साहेब."

"मेहुण्यासाठी."

त्यानं क्लिप पुन्हा सुरुवातीला आणली.

"आवाज कुठाय याचा?"

"स्लो मोशनमध्ये कॅमेरा आवाज घेत नाही." मग त्याला काहीतरी सुचलं. "चित्रात त्यांच्या मागे नळ चालू आहे, तो बघा ना, साहेब! हळू चित्रात थेंब लोंबकळतात. इथे पाणी आपल्या घरच्यासारखं पडतंय. म्हणजे वेग हाच खरा."

"आम्हाला पाणी बघायचं नाहीये. हात बघायचाय. तो नीट दिसेल असा लावा."

सावकाशनं तो हळू करून लावला. पुन्हा लावा म्हणाले, पुन्हा लावला. माझ्या बाजूनं त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता.

मेहुणा आत गेला. सावकाश ते चित्र सोडेना. बाकी कामं तशीच पडून राहिली. जाता येता दारातून मला तो हात दिसायचा, कधी पुढे जाताना, कधी मागे येताना.

एका दुपारी बहीण आली. बसली नाही. माझं दार उघडंच होतं.

"वकील म्हणतात तू साक्ष दे. पण आधी मला सांग. जगाचं जाऊ दे. तू तिथे होतास, दादा. धरलं की ढकललं?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याचे ओठ हलले. तो तिथे होता हे खरं, पण त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेलं आणि पडद्यावर पाहिलेलं आता त्याला वेगळं करता येत नसावं. तसं मला वाटतं, चूकही असेल.

"सांग ना."

"थांब जरा... सांगतो..."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "एवढा वेळ लागतो, दादा?"

आणि ती जिना उतरून गेली. ती रस्त्याला लागली तरी तो उत्तर द्यायच्या बेतातच उभा होता.