ऑफिससाठी काढलेली फणी

जास्त पिकलेल्या वेलची केळ्यांचा आंबूस-गोड वास आला की माझं डोकं तडकतं. टीबीचा औषधोपचार पूर्ण करून, डॉक्टरांनी 'आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही' असं लिहून दिल्यावर मी कामणच्या गोदामातल्या ऑफिसात परत रुजू झाले, तेव्हा निर्मळच्या आमच्या वाडीतली या केळ्यांची एक फणी सोबत नेली होती. आजारपणाआधी मी फणी सगळ्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवायचा अवकाश, चहाच्या आत ती फस्त व्हायची. पण त्या दिवशी माझं टेबलच मागच्या खोलीत, खोक्यांच्या धुळीत नेऊन ठेवलेलं होतं. "तुमच्याच काळजीपोटी हो," मॅनेजर दारातूनच म्हणाले. मी फणी बाहेर नेहमीच्या जागी ठेवून आले. येता-जाता सगळे तिला वळसा घालायचे. तिसऱ्या दिवशी केळी काळी पडली, चिलटं बसू लागली. इतकी वर्षं माझ्याच डब्यातलं खाणारी मैत्रीण नजर चुकवत म्हणाली, "अगं, घरी लहान मूल आहे ना माझ्या." "केळं सोलून खातात गं!" मी ओरडलेच, आणि सगळ्यांसमोर उभ्याउभ्या एक सोलून खाल्लं, मग दुसरं. "सावकाश, तब्येत सांभाळा," मॅनेजर म्हणाले. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "संपली का गं केळी?" "एकही उरलं नाही," मी म्हटलं. त्या खूश झाल्या. अजूनही घड पिकला की त्यातली सगळ्यात चांगली फणी त्या माझ्या ऑफिससाठी बाजूला काढतात, आणि मी ती मागच्या खोलीत बसून एकटी संपवते.