तिसऱ्या टप्प्यावरचं घर

पायऱ्या चढताना किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरायचा, वाजू द्यायचा नाही. दुपारी घरोघरी लहान मुलं झोपलेली असतात. एकेचाळिसाव्या पायरीवर थांबायचं आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून खालच्या शहराकडे असं बघत राहायचं, जणू तिथे कुणी ओळखीचं दिसलं. रिकाम्या घरात शिरतानाही चपला बाहेर काढायच्या. सगळे नळ सोडून बघायचे. खिशातली काचेची गोटी जमिनीवर ठेवायची आणि ती कुठल्या कोपऱ्याकडे घरंगळते ते पाहायचं. निघताना रिकाम्या खोल्यांना "येतो हं" म्हणायचं. घरी चहा दोन कप टाकायचा, एक प्यायचा, आणि दुसरा गार झाला की तोही पिऊन टाकायचा.

या शेवटच्या सवयीबद्दल त्यांना कुणी काही विचारत नसे.

टेकडीवरची मुलं त्यांना किल्लीकाका म्हणत. मुलांचं ऐकून मोठेही म्हणू लागले. त्यांचं खरं नाव भाडेकरारांवर साक्षीदाराच्या रकान्यात असायचं, पण तो रकाना कोण वाचतो?

टेकडीवर सात टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर सहा-सात घरं, एकाची गच्ची म्हणजे दुसऱ्याचं अंगण. गाड्यांचा रस्ता खालच्या फाटकाशी संपतो. वर पायऱ्या, आणि मागून एक वळणावळणाची पायवाट. त्यामुळे मुलं दिवसभर मोकळी हुंदडतात आणि आया खिडकीतूनच त्यांच्यावर ओरडतात. शाळा पायथ्याशीच. लेकुरवाळ्या माणसाला आणखी काय हवं? इथलं घर रिकामं झालं की आठ दिवसांत भरायचं. आणि ते भरायचे किल्लीकाका. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही.

त्यांची एक रीत होती. घर बघायला आलेल्यांना ते मागच्या बाजूच्या लांबच्या वाटेने, हळूहळू चढवत वर आणायचे. "पायऱ्या जाताना दाखवतो. आधी घराशी ओळख होऊ दे." यात फसवणूक नव्हती. घर दाखवून झालं की ते स्वतःच दोष सांगायला बसायचे. या भिंतीला ओल येते. हे दार फुगतं. गोटी बघा, कशी धावतेय, म्हणजे इथे पाळणा ठेवू नका. ऐकता ऐकता घरमालकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण काकांनी बसवलेला भाडेकरू सहसा उठत नसे.

पाचव्या टप्प्यावर एक मुलगी आईबरोबर भाड्याने राहत होती. साहित्याची पदवी घेतलेली, आणि आता छापखान्यात मुद्रितं तपासणारी. काका तिला लेखिकाबाई म्हणत. तिने पाठ्यपुस्तकांतल्या चुकांखेरीज काही लिहिलं नव्हतं, तरी. भाड्याच्या जाहिराती ते तिच्याकडून लिहून घ्यायचे.

"लेखिकाबाई, जरा समजेल असं लिहा. मागे तुम्ही 'प्रसन्न घर' लिहिलंत. लोक विचारायला लागले, प्रसन्न म्हणजे किती चौरस फूट?"

"मग हवेशीर लिहू?"

"ते सगळेच लिहितात. हल्ली कपाटालासुद्धा हवेशीर म्हणतात."

शेवटची ओळ मात्र ठरलेली. ती तिला सांगावी लागत नसे. 'फक्त कुटुंबासाठी.' टेकडीच्या सोसायटीचा तो नियमच होता. एकट्या माणसाला घर द्यायचं नाही.

काका स्वतःही भाडेकरूच. तिसऱ्या टप्प्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एकोणीस वर्षं. मुलगी तिथेच वाढली, लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. दोन वर्षांपूर्वी, थंडीत, काकू गेल्या. तेव्हापासून नियमाने पाहिलं तर काका त्या घरात बेकायदा राहत होते. ते कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. कराराचं नूतनीकरण आलं तेव्हा आलं.

करारासोबत एक फॉर्म असतो. 'घरात राहणाऱ्या व्यक्तींची नावं.' टेकडीवरचे सगळे फॉर्म काकाच भरायचे. हाही त्यांनीच भरला. एकच नाव लिहिलं आणि पाठवून दिला.

"अहो, मुलीचं नाव टाकायचं ना!" लेखिकाबाई म्हणाली.

"ती राहते का इथे?"

"कोण बघायला येणार होतं?"

"मीच जातो ना बघायला," काका म्हणाले. "सगळ्यांच्या घरी."

आठवड्याने घरमालकिणीच्या मुलाचा फोन आला. मालकीणबाई थकल्या होत्या, दुसऱ्या शहरात मुलाकडे असायच्या. मुलगा वाईट नव्हता. अदबीने बोलला. "काका, सोसायटीने फॉर्म परत पाठवलाय. नियम मी तुम्हाला काय सांगणार, तुम्हीच जगाला सांगता. महिन्याभरात बघा. आणि हो, आमच्या घराला नवीन माणसं तुम्हीच शोधा. तुमच्यासारखी पारख कुणाला आहे?"

त्याने हे कौतुकानेच म्हटलं होतं. काकांनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ते पाचव्या टप्प्यावर आले. दारातच उभे राहिले.

"एक जाहिरात लिहायची आहे."

"कुठल्या घराची?"

त्यांनी सांगितलं. लेखिकाबाईने हातातलं पेन टोपण लावून ठेवून दिलं. "मी नाही लिहिणार."

"बरं," काका म्हणाले. आणि त्यांनी स्वतः लिहिली. 'दोन खोल्या, स्वयंपाकघर. सकाळी अकरापर्यंत ऊन. शेजार चांगला. फक्त कुटुंबासाठी.' लेखिकाबाईला त्यात एकही चूक काढता आली नाही.

मग घर बघायला माणसं येऊ लागली. काका त्यांना लांबच्या वाटेने वर आणायचे, स्वतःच्या दाराबाहेर चपला काढायचे, नळ सोडून दाखवायचे. पहिलं कुटुंब आलं तेव्हा लेखिकाबाई मुद्दाम मध्ये आली. "छत गळतं हं याचं. सगळं गळतं." ती माणसं एकमेकांकडे बघत निघून गेली. काका तिच्यावर कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"छत गळत नाही. खोटं कशाला सांगतेस?"

"मग तुम्ही कमिटीकडे जा. एकदा विचारा. बावीस वर्षं यांची घरं भरलीत, तुम्हाला नाही म्हणतील?"

"म्हणणार नाहीत. तेच तर अवघड आहे."

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मग सांगितलं. सात वर्षांपूर्वी एक मास्तर आले होते. खालच्या शाळेत बदली झालेले. बायको नुकतीच वारली होती. दुसऱ्या टप्प्यावरचं घर त्यांना फार आवडलं. खिडकीपाशी बराच वेळ उभे राहिले. शाळेचं मैदान दिसत होतं तिथून. काकांनी त्यांना नियम सांगितला. मास्तर म्हणाले, "हो, बरोबर आहे." छत्री उचलली आणि पायऱ्या उतरून गेले.

"घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, कमिटीला नुसतं विचारून तरी बघायचं होतंत. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. त्या माणसासाठी मी शब्द टाकला नाही. आता स्वतःसाठी कुठल्या तोंडाने टाकू?"

लेखिकाबाईला हे पटलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ती सरळ सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेली. ते निवृत्त इंजिनियर. पाइप घेऊन झाडांना पाणी घालत होते. तिने एका दमात सगळं सांगितलं. त्यांचा पाइप एकाच कुंडीवर राहिला, कुंडी भरून वाहायला लागली.

"अगं, मग काका बोलले का नाहीत? मला वाटलं मुलीकडे चाललेत. कुणीतरी तसंच म्हणालं." त्यांनी नळ बंद केला. "नियम काय दगडावर कोरलाय? रविवारी मीटिंग आहे. विषय घेतो. काकांसाठी कोण हात वर करणार नाही?"

छापखान्यात त्या दिवशी तिच्या नजरेतून किती चुका निसटल्या असतील कोण जाणे. संध्याकाळी ती पायऱ्या दोन-दोन करत चढली.

काका घराच्या दारात बसून टेपने चौकट मोजत होते. आकडे हातावर लिहीत होते.

"काका, झालं काम! रविवारी मीटिंग आहे. सेक्रेटरी म्हणाले—"

"बस आधी. श्वास घे."

ती बसली. सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. टेप सरकन आत गेली.

"उशीर झाला गं. सकाळी एक जोडपं आलं होतं. शब्द देऊन बसलो."

ती नर्स, तो इलेक्ट्रिशियन. दोन वर्षांची मुलगी, आणि दुसरं दोन महिन्यांत येणार. सध्या ते चौथ्या मजल्यावर राहत होते. पोर घरात धावली की खालचे लोक काठीने छत ठोकायचे. शेवटी मालकाने घर सोडायला सांगितलं. काकांनी त्यांनाही सगळं सांगितलं होतं. उत्तरेच्या भिंतीची ओल, न्हाणीचं दार, एकशे बारा पायऱ्या. नर्स म्हणाली, पायऱ्यांचं काही नाही, आमच्या वॉर्डात याहून जास्त चालते मी. तिला एकच काळजी वाटली. दार उघडलं की थेट जिनाच. पोर धावत सुटली तर?

"मी म्हटलं, फाटक करून देतो. एवढंसं. लाकडाचं." काकांनी हाताने कमरेखाली उंची दाखवली. "आमची लहान होती तेव्हाच करायचं होतं. ही दहा वेळा म्हणाली. मी दहा वेळा उद्या म्हटलं. पोर मोठी झाली, विषय संपला."

"पण अजून करार झालेला नाही ना? दुसरं घर द्या त्यांना."

"दुसरं रिकामं नाही. तू ऐक तरी, काय झालं. आम्ही बोलत होतो, तर ती पोर ओट्याखाली जाऊन बसली. निघायलाच तयार नाही. बाप म्हणाला, चल, आपल्या घरी जाऊ. तर ती म्हणते, हेच." काका हसले. मग हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, नुसतं. "आता त्यांना कसं सांगू, मला सवलत मिळाली म्हणून तुम्ही जा?"

"आणि तुम्ही?"

"खाली बसस्टँडजवळ एक खोली बघितलीय. सपाट आहे. गोटी ठेवली, हललीसुद्धा नाही." त्यांनी पुन्हा टेप ओढली. "सेक्रेटरींना सांग, नियम बदलायचा असेल तर जरूर बदला. पुढच्या मास्तरांना उपयोगी पडेल."

तिने तेव्हा आणखी भांडायला हवं होतं. ती रागावून वर गेली. दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. वरून करवतीचा आवाज ऐकत राहिली.

शुक्रवारी दुपारी छापखान्यात आईचा फोन आला. नर्स पडद्यांची मापं घ्यायला आली होती. काका दारातल्या खुर्चीत बसलेले दिसले. तिने हाक मारली. मग तिनेच नाडी पाहिली. तिला पाहताच कळलं असणार, तरी ती डॉक्टर येईपर्यंत त्यांची छाती दाबत राहिली. सात महिन्यांचं पोट घेऊन, जमिनीवर गुडघे टेकून.

टेकडीवरची सगळी माणसं अंत्ययात्रेला खाली उतरली. कुणीतरी म्हणालं, "चला, घर सोडावं लागलं नाही, एवढं तरी बरं झालं." म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. लेखिकाबाईला त्या माणसाकडे पुढे कितीतरी दिवस बघता आलं नाही.

रविवारी मीटिंग झाली. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग सेक्रेटरींनी विषय वाचला आणि हात वर करायला सांगितलं. सगळे हात वर गेले. लेखिकाबाई भाडेकरू, तिला मत नव्हतं. तिने हातांकडे पाहिलं आणि उठून बाहेर आली.

काकांची मुलगी आली. तिने तीन दिवसांत घर आवरलं. किल्ल्यांचे जुडगे सोसायटीत जमा केले. निघताना ती लेखिकाबाईला म्हणाली, "बाबा फोनवर म्हणाले होते, थोडं काम राहिलंय, ते झालं की तुझ्याकडे आठ दिवस येतो."

एक तारखेला इलेक्ट्रिशियन आणि नर्स सामान घेऊन आले. लेखिकाबाई मदतीला खाली उतरली. पोर बापाच्या खांद्यावर झोपली होती. तिघंही दारापाशी थांबली, कारण आत जायला फाटक बाजूला करावं लागत होतं.

फाटक कमरेपेक्षा खाली होतं. फळ्या घासून गुळगुळीत केलेल्या, कडा गोल, पोराच्या हाताला लागू नयेत अशा. वरची बिजागरी पक्की बसली होती. खालची अर्धवट बसलेली. तिथे चौकटीवर पेन्सिलने तीन फुल्या मारलेल्या होत्या. पहिल्या फुलीत स्क्रू पूर्ण आत गेला होता. दुसऱ्या फुलीतला अर्धा बाहेर होता. तिसऱ्या फुलीवर अजून भोकही पाडलेलं नव्हतं.