कडूकंदाचा अर्क

थेंब पडला आणि जांभळा द्राव बघता बघता पिवळा झाला. मी दुसरी टेस्ट ट्यूब घेतली. तीही पिवळी.

ही टेस्ट सोपी आहे. कापलेलं सफरचंद काळं पडतं, लिंबू चोळलं की पडत नाही. ते काळं पडणं रोखणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. अर्कात ते जितके जास्त, तितका आमचा जांभळा रंग लवकर उडतो. समुद्री शेवाळाच्या अर्कावर मी चार वर्षं हेच करतेय आणि इतक्या लवकर रंग उडालेला कधी पाहिला नव्हता.

हे सँपल होतं कडूकंदाचं, पोशेऱ्याच्या महिला बचत गटाकडून आलेलं. आमच्याकडून शेवाळाचे रिपोर्ट घेणारी एक कंपनी गटाकडून कंदाची पावडर घ्यायला तयार होती. अडलं होतं फक्त रिपोर्टवरच्या माझ्या सहीवर. आमचे लॅबप्रमुख सर खूश होते. मीही हवेत होते.

सही करण्याआधी कंद उगवतो कुठे ते पाहावं म्हणून मी पोशेऱ्याला गेले. खरं कारण नुसती उत्सुकता. गटाच्या अध्यक्ष सकरीबाईंनी आमची पावडर बोटावर घेतली, वास घेतला आणि विचारलं, कंद शिजवला कधी?

शिजवला कुठे होता! शेवाळाची सवय. धुवायचं, वाळवायचं, दळायचं. कंदही तसाच कच्चा दळला होता.

"मॅडम, कच्चा खाल्ला तं घसा धरंल, वकाऱ्या व्हतील," त्या म्हणाल्या. "आमी चकत्या करून राखंत शिजवतो. मंग टोपलीत घालून व्हाळात ठेवतो, दिसभर. कडू गेला का मंग खायचा."

पावडर गट आमच्याच पद्धतीने, कंद कच्चाच दळून करणार होता. पाकिटावर गटाचं नाव येणार होतं.

व्हाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, चकत्या डब्यात घालून मी लॅबला आणल्या. अर्क काढला, थेंब टाकला. जांभळा द्राव जांभळाच राहिला. कडूपणासोबत आमचं अँटिऑक्सिडंटही ओढ्याला मिळालं होतं.

सर म्हणाले, "कच्च्या कंदाचा आकडा खोटा आहे का?"

"नाही सर. पण तो कंद कोणी खात नाही."

रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे लिहिले, कच्चा खाऊ नये हेही लिहिलं. कंपनीने पाठ फिरवली. सांगायला मी पुन्हा पोशेऱ्याला गेले. फार वाईट वाटत होतं. ऑर्डर सकरीबाईंना हवीच होती. तरी म्हणाल्या, "बरा झाला. कोन आजारी पडला असता तं आमचाच नाव गेला असता."

आता नवीन सँपल आलं की मी आधी फोन लावते आणि विचारते, घरी हे कसं करून खाता? एवढा एक प्रश्न चार वर्षांत मला सुचला नव्हता. शेवाळ पाठवणाऱ्यांनाही मी तो परवाच पहिल्यांदा विचारला.