अमेरिकेतलं नंबर एक, येडगावच्या गोठ्यात

कॅसेटच्या दुकानात धूळ आणि किस्से न बोलावता जमतात. धूळ मी रोज झटकायचो. नारायणगावातलं दुकान मोबाइलनं कधीच बंद पाडलं, किस्से मात्र अजून झटकले जात नाहीत.

नव्वदच्या दशकात पुण्याचा होलसेलवाला हिंदी कॅसेटच्या खोक्यात दोन-चार इंग्रजी अल्बम बळंच कोंबायचा. "शेठ, हा अमेरिकेत नंबर एक आहे."

"मग तिथंच विका की. आमच्याकडं नंबर एकला टोमॅटो असतो."

तरी त्या अल्बमच्या दोन कॅसेट गळ्यात पडल्याच.

*

पहिली नेली वारूळवाडीच्या बबनमामांनी. मामा बँडमास्तर, क्लॅरिनेट वाजवायचे. एका वरातीत त्यांनी बेवफाईचं हिंदी गाणं वाजवलं आणि नवरीच्या चुलत्यानं त्यांची टोपी उडवली. तेव्हापासून मामा अर्थ न लागणारं गाणं शोधत होते. काउंटरपाशी ऐकता ऐकता त्यांची बोटं हवेत चालायला लागली.

मी विचारलं, "मामा, काय म्हणतोय तो गडी?"

"मला न्हाई कळत, अन् चुलत्यालाबी न्हाई कळणार. द्या बांधून."

*

दुसरी गेली येडगावच्या दगडूभाऊंकडं. त्यांनी हॉलंडच्या जातीची, काळी-पांढरी, दांडगी गाय आणली होती. नव्या दावणीला ती पान्हा चोरायची.

"आमचं बोलणं तिला उमगत न्हाई राव. तिच्याकडचं एखादं गाणं द्या."

"भाऊ, गाय हॉलंडची, गाणं अमेरिकेचं."

"गोऱ्यांचं गोऱ्यांना कळतंय. द्या तुमी."

पुढच्या बाजाराला पेढे घेऊन आले. टेप लागला की गाय पान्हा सोडायची.

*

हे ऐकून आमचे द्राक्षवाले अण्णाही आले. माल बघायला त्यांच्याकडं खरोखरचा हॉलंडचा पाहुणा यायचा होता. "गाईला चालतंय, मग त्याला का न्हाई?" म्हणून दुसरा एक इंग्रजी अल्बम घेऊन गेले. दुसऱ्याच गाण्याला पाहुण्यानं हात जोडले. हे तिकडं दिवसभर कानावर पडतं म्हणे, तुमचं काहीतरी लावा. जाताना लावणीची कॅसेट मागून घेऊन गेला.

अण्णा म्हणाले, "जनावराला घरची आठवण येती. माणसाला नकोशी व्हती."

*

एके दिवशी दगडूभाऊ दुकानात शिरले ते हातात पट्टीचा गुंता घेऊनच. टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली होती.

"सकाळपासनं थेंब न्हाई. कास तट्ट फुगलीया. कासेला दगडी झाली तर गाय हातची गेली."

होलसेलवाल्याला फोन लावून तोच अल्बम मागितला. "ते नंबरातनं उतरलं शेठ, आता येत नाही. आता स्पेनचं चालतंय. इंग्लंडचंही नवीन आलंय."

दोन्ही त्यानं आधीच खोक्यात कोंबून पाठवली होती. मोपेडवर घालून येडगावला गेलो. स्पेनला गाईनं शेपटी मारली, इंग्लंडला बादली उडवली. दगडूभाऊंच्या मंडळी, हिराकाकू, म्हणाल्या, "तिला जुनंच पायजे. माझ्यावानी हाय."

बबनमामांची कॅसेट घासून केव्हाच बाद झालेली. पण गाणं त्यांच्या बोटांत होतं, आणि मामा त्या दिवशी येडगावातच होते. नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोड्यावर मांडवाकडं निघालेला, पुढं मामांचा बँड.

दगडूभाऊ घोड्याला आडवे झाले. "मामा, गोठ्यावरनं चला."

नवरदेवाचा बाप तापला. "मुहूर्त टळंल, बाजूला व्हा."

नवरदेवानं वरूनच विचारलं, "कास तटलीया का?"

"व्हय."

"मग वळवा घोडा."

सगळी मिरवणूक गोठ्यापुढं उभी राहिली. मामांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं. गाईनं एक कान फिरवला. मग बादलीत धार वाजली आणि करवले नाचायला लागले.

गाणं संपलं. तिकडं मांडवात भटजी माइकवरून नवरदेवाला बोलावत होते. मामा क्लॅरिनेट पुसून निघणार, तेवढ्यात गोठ्यातून हिराकाकूंचा आवाज आला,

"वन्स मोअर. अजून दोन सड ऱ्हायलेत."