काळ्या तेलाचा वास

क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशापासून काढलेलं काळं, दाट तेल. रेल्वेवाले रुळांखालचे लाकडी स्लीपर त्यात मुरवत, म्हणजे घाटातल्या पावसाने ते कुजत नसत आणि त्यांना वाळवीही लागत नसे. आमच्या भाजे गावात मात्र गोठ्याच्या मेढी, कुंपणाचे खुंट, दाराची चौकट, हाती येईल त्या लाकडाला ते फासलं जाई. मला तो वास अजून आवडतो. कुणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरतं.

माझ्या लग्नाच्या साली वडिलांनी कहर केला. भाताच्या कणगीखालच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या, म्हणून त्यांनी नव्या फळ्यांना हे तेल पाजलं आणि ते वाळायच्या आतच वर कणगी चढवली. आत होता आंबेमोहर, पाहुण्यांसाठी राखलेला. मला बघायला मंडळी आली त्या दिवशी आईने भात शिजवला, तर त्या वासाने घराचं रेल्वे स्टेशन झालं. आई शेजारून तांदूळ आणायला निघाली. वडील हट्टाला पेटले. सोयऱ्याला उसना भात वाढायचा नाही म्हणाले.

पाहुणे खंडाळ्याचे. मुलाचे वडील स्लीपर बदलणाऱ्या गँगचे मुकादम. मी दाराआडून मुलगा पाहिला होता आणि तो मला मनापासून आवडला होता. आता ह्या भातापायी स्थळ जातंय म्हणून मी मनातल्या मनात वडिलांना लाखोली वाहत होते.

मुकादमांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थांबला. वडिलांनी खाली मान घालून फळ्यांची हकिकत सांगितली.

"माझी कारभारीण ह्या वासापायी मला दारात उभं करायची," मुकादम म्हणाले. "सदरा काढल्याबिगर आत न्हाई. ती गेली. आता कुणी आडवत न्हाई."

मग त्यांनी आणखी भात मागून घेतला, आणि लग्न ठरलं.

लग्नानंतर सासरे पहिल्यांदा कामावरून आले, तेव्हा मी चुलीपाशी होते. त्यांच्यापुढे नव्या सुनेने तोंड उघडायची रीत नव्हती. पण मी उठले आणि पदर सावरून दारात आडवी उभी राहिले.

"आबा, सदरा भाईर काढा. मग आत या."

त्यांनी मुकाट्याने सदरा काढला, पायरीवर बसले आणि त्यातच तोंड खुपसून रडले.