पांगुळगाड्यावरचं धुणं

सासूला पुन्हा चालतं करण्यासाठी सुताराने मुद्दाम बनवून दिलेल्या गाड्यावर मी धुणं वाळत घातलं. एखाद दिवस नाही, जवळजवळ सारा हिवाळा. आता नातसुना मला शहाणी समजून सल्ला विचारायला येतात, म्हणून हे एकदा लिहून टाकते.

नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. वडनेरला आमचा भाजीचा मळा होता. पोळ्याच्या मागेपुढे आत्याबाई, म्हणजे माझी सासू, वांगी तोडून येताना मळ्याच्या ओल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घसरली आणि खुब्यापाशी हाड मोडलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात पायाला वजन बांधून तिला दोन-अडीच महिने उताणी ठेवली. घरी सोडताना डॉक्टरांनी मलाच समोर उभं करून बजावलं, "हाड जुळलंय. आता रोज उभं करायचं, चालवायचं. दुखेल, रडतील, तुम्ही ऐकायचं नाही. पडून राहिल्या तर संपलं." हाताने धरून चालायच्या लाकडी चौकटीचं चित्रही त्यांनी कागदावर काढून दिलं.

आमच्या सुताराने जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. त्याने कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि शेवटी लेकरांचा असतो तसाच पांगुळगाडा ठोकून आणला, फक्त म्हातारीच्या कमरेइतका उंच. चाकं तेवढी माझ्या नवऱ्याने काढायला लावली. आत्याबाई लेकाला म्हणाली, "आता मले पांगुळगाड्यात घालतं काय बे?"

पण धरला तिने. पहिल्या दिवशी चार पावलं टाकली आणि घामाघूम होऊन बसली. आठवड्याने दारापर्यंत आली. तिला एकच ध्यास होता. आठवडी बाजारात चिंचेखाली वांगी घेऊन बसायची तिची ठरलेली जागा होती, माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासूनची. बाजारातून कुणीही आलं की पहिला प्रश्न, "माह्या जागेवर कोन बसून राह्यलं?"

एका सकाळी ती कण्हत पाऊल टाकत होती. मी मागून तिची कंबर धरून "अजून दोन, आत्याबाई, अजून दोन" करत होते. समोरच्या घरातली काकू घागर घेऊन चालली होती, ती थांबली.

"काऊन खेदाडतं वं बुढीले? तुही माय असती तं असं केलं असतं काय?"

झालं. डॉक्टर राहिले बुलढाण्याला आणि मी काकूच्या नादी लागले. चांगली सून म्हणवून घ्यायची मला अशी हौस, की कुणी तसं म्हटलं की मी दिवसभर ते चघळत बसे. दुसऱ्या दिवसापासून मी सासूला जमिनीला पाय लावू दिला नाही. आंघोळ खाटेवर, वेणी खाटेवर, भांडं खाटेखाली. भाकर दुधात कुस्करून घास भरवू लागले. हात काही तिचे मोडले नव्हते, पण भरवताना बायांनी मला पाहावं असं वाटे. गाडा अंगणात गेला. लुगडी त्यावर फार छान वाळत.

ती मागे लागायची. "गाडा आन वं."

"आज गारठा हाय, आत्याबाई. उद्या."

उद्या पाहुणे असत, परवा अंगणात चिखल. नवरा उजाडताच मळ्यात जाई तो दिवेलागणीला येई. त्याने विचारलं की मी सांगे, "चालल्या नं, दारापर्यंत." आणि काकू गल्लीत सांगत फिरे, अशी सून पाहायला मिळत नाही म्हणून. एक दिवस आत्याबाईने गाडा मागणं बंद केलं. मी गाढवी, मला वाटलं तिला आता सुख लागलं.

होळीच्या सुमाराला नवऱ्याने कुणाची तरी जीप मागून तिला पुन्हा दवाखान्यात नेली. मीही सोबत होते. पाय गुडघ्यात आखडलेला, मांडी काडीसारखी, पाठीला जखम. डॉक्टर पाय सरळ करू लागले तेव्हा ती ओरडली नाही, नुसते डोळे मिटून घेतले.

"रोज चालत होत्या का?"

"हाव, रोज," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहत होते.

"आता नाही जमायचं," ते म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत. जखमेला लावायचं औषध मात्र दोनदा समजावून सांगितलं.

त्यानंतर ती चार वर्षं जगली, सगळी खाटेवर. चिंचेखाली एव्हाना दुसरीच बाई मिरच्या घेऊन बसू लागली होती. ते सांगायचा कुणाला धीर झाला नाही, आणि तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही.

दवाखान्यातून परत आलो त्याच दुपारी, नवरा जीप पोचवायला गेला होता तेव्हा, मी खाटेपाशी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. गारठा नव्हता, पाहुणे नव्हते, लोक नावं ठेवतील म्हणून मीच गाडा आणत नव्हते. रडलेही भरपूर, रडायला मला तेव्हा काही लागत नसे. आत्याबाई आढ्याकडे पाहत ऐकत होती. माझं रडून होईपर्यंत थांबली, मग म्हणाली, "सारे तुले चांगली म्हन्तेत नं आता? मंग झालं. चाल, मले त्या कुशीवर कर."